नीलाबाईची चिनी गाणी

लानव्वानं ग्लास ओठाला लावला, आतल्या पाण्याकडं बघितलं आणि होता तसा खाली ठेवला. थेंबभरसुद्धा कमी झालं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात लातुरात भरला ग्लास तसाच ठेवणं म्हणजे काय, हे लातूरकराला सांगायला नको. नळाला पाणी येऊन महिना लोटला होता, टाकीपाशी पोलीस उभे होते, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी येणार म्हणून अख्खं गाव स्टेशनाकडं कान लावून बसलं होतं. लोक एकमेकांना 'जेवलाव का' विचारायचं सोडून 'टँकर आला का' विचारत होते. पाहुण्यांनी तर गावाचं नावच टाकलं होतं. अशात नीलाबाई टँकरचं पाणी फडक्यातून गाळायची, गॅसवर खळखळ उकळायची, मग माठात ओतून माठाला ओलं फडकं गुंडाळायची, आत वाळ्याची जुडी सोडायची आणि माठ वाऱ्याच्या खिडकीत ठेवायची. दात ठणकावेत असं ते गार पाणी तिनं नातीपुढं धरावं आणि नातीनं ते नुसतं बघून ठेवून द्यावं. दुसरं कुणी असतं तर नीलाबाईनं त्याची बिनपाण्यानंच केली असती. पण साडेचार वर्षांचं, आपली भाषा न कळणारं, आईपासून तुटलेलं लेकरू. त्याला काय म्हणणार. तिनं तो ग्लास उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला. मोरीत ओतायचे दिवस नव्हते ते.

पोरगी नीलाबाईच्या लेकाची, सिद्धलिंगची. सिद्धलिंग दालमिलमध्ये मशीन दुरुस्तीला होता. डाळीतला काळा-डागी दाणा कॅमेऱ्यानं बघून उडवून लावणारी मशीनं चीनहून यायला लागली, तेव्हा ती शिकायला म्हणून तो तिकडं गेला आणि तिकडचाच झाला. लग्नही तिथंच केलं, मेइ नावाच्या मुलीशी. भावकीनं नाकं मुरडली तेव्हा नीलाबाई म्हणाली होती, "तुमच्या पोरांनी जातीतल्या करून काय दिवे लावले, ते बघायलेच की मी." पण सासू-सुनेचं खरं सांगायचं तर दोघी फोनवर एकमेकींना बघून हसायच्या, हात जोडायच्या आणि मग गप्प. हसण्याच्या पुढं गाडी काही सरकायची नाही.

मेइला दुसऱ्या वेळेला दिवस गेले आणि अवघड झालं. डॉक्टरनं श्रावणापर्यंत दवाखान्यातल्या खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. तिची आई तिच्या उशाशी, आणि सिद्धलिंगचं काम तर गावोगाव हिंडायचं. म्हणून लातूर-उदगीरच्या मिलमध्ये मशीनं बसवायला आला तेव्हा तो लेकीला संगं घेऊन आला. बाळ होईपर्यंत तिनं आजीपाशी रहावं, असा बेत. पोरीचं नाव लानलान. नीलाबाईनं पहिल्याच दिवशी तिची लानव्वा केली.

पण आईला दवाखान्यात सोडून आल्यापासून पोरीनं तोंडच मिटलं होतं. बापाशीसुद्धा नुसतं मानेनं हो का नाही. फोनवर आई दिसली की ही तोंड फिरवून भिंतीकडं. खायला भाताचे दोन घास, टरबुजाच्या चार फोडी, पेलाभर दूध. पाणी तर नाहीच.

"अव्वा, असं चाललं तर मी हिला परत घेऊन जातो," सिद्धलिंग आईला म्हणाला. "तिथं आठवडाभर लेकरं ठेवून घ्यायची शाळा असती. सोमवारी सोडायचं, शनिवारी आणायचं."

"एवढ्याशा जिवाला?"

"मग काय करू? इथं ऊन असं, ही पाणी पिईना. काही झालं तर मेइला काय तोंड दाखवू? तिला तर ह्यातलं काही सांगायचंच न्हाई, डॉक्टरनं तिच्या डोक्याला घोर लावू नका म्हणलंय. माझं इथलं काम संपेस्तोवर बघू. न्हाईच जमलं तर नेतो."

नीलाबाई नातीचे केस विंचरायला बसली. एवढी वर्षं नात फोनच्या काचेतून बघितली होती. काचेला वास नसतो, काचेला केस विंचरता येत नाहीत. आता कुठं ते मऊ, सरळ, रिबिनीतून निसटणारे केस हातात आले होते, आणि ते तिला सोडायचे नव्हते.

नीलाबाईला मुकं राहणं नवीन नव्हतं. ती मूळची भालकीच्या पलीकडची, कानडी मुलखातली. लग्न होऊन लातुरात आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन बसायची, आणि तहान लागली तरी कुणी आणून देईपर्यंत तशीच. मग गौरम्मा, तिची नणंद, तिला जात्यावर घेऊन बसली. एक ओवी ती म्हणायची, पाठोपाठ ही. अर्थ कळो न कळो, जातं फिरायचं आणि शब्द पीठ होऊन पडायचे. एक दिवस नीलाबाई आपण होऊन म्हणाली, "वन्सं, पाणी द्या." गौरम्मानं दळण थांबवलं. "पाव्हण्याला पाणी इचारावं लागतं," ती म्हणाली, "घरचं माणूस मागून घेतं. झालीस बाई आता घरची." नीलाबाईनं ते आयुष्यभर गाठीला बांधून ठेवलं.

पुढं उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचं सगळंच नवीन: नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या. त्या हौसेत गल्लीतल्या लोकांनी बालवाडीही काढली. गाणी म्हणणारी बाई पाहिजे होती, तेव्हा सगळ्यांनी नीलाबाईकडं बोट दाखवलं. तेव्हापासून ती आपल्या अंगणात, निंबाच्या सावलीत लेकरं गोळा करून बसते. अंक, महिने, भाज्या, नखं कापायची, नाक शिंकरायचं, सगळं गाण्यात. चाली तिच्याच ठरलेल्या. एक पाळण्याची, एक जात्यावरची, एक आरतीची आणि एक भंगार गोळा करणाऱ्याची. त्यात न बसणारी गोष्ट देवानं अजून घडवली नाही, असं तिचं म्हणणं.

सिद्धलिंग बोलून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाबाईनं साखराबाईला सांगून टाकलं. साखराबाई बालवाडीची मदतनीस, नांदेडकडची, उमरीची. मनानं सोनं, तोंडानं फटकळ.

"आजपासून लेकरांना चिनी शिकवायचं."

साखराबाईच्या हातातला झाडू थांबला. "बाई, तुम्ही हे काय करून राहिल्या? एका पोरीसाठी सगळ्या बालवाडीला चिनी? तिलाच मराठी शिकवा न."

"नव्या सुनेनं घरात मिसळावं, असं सगळे म्हणतात. घरानं जरा सुनेकडं सरकावं, असं कुणाच्या तोंडातून निघत न्हाई. मी बसले होते तशी तोंड शिवून, मला ठाव हाय."

"पण तुम्हाला कुठं येतं चिनी?"

"लेकरांना तरी कुठं येतं? मग बरोबरीतच हाव की आम्ही."

सिद्धलिंग कामावर जायच्या आधी भाकरी खायला बसला, की ती समोर ठाण मांडायची. "हं, सांग. आज काय?" त्यानं पहिल्या दिवशी 'नी हाव' सांगितलं, म्हणजे नमस्कार. नीलाबाईचा चेहरा फुलला. "हाव? अरे, हो म्हणायला आपण हावच म्हणताव की, मग ही तर आपलीच भाषा." आजी म्हणजे नायनाय, हे कळल्यावर मात्र ती जरा थबकली. "आजीला नाय नाय? मी कशाला नाय म्हणाले कधी?" पण शब्द तिनं जिभेवर घोळवून घोळवून गोड करून घेतला.

अंगणात मग काय गंमत सांगावी. नीलाबाई पाटावर, समोर लेकरांचा गोल. "नी हाऽव," असं ती म्हणाली की लेकरं एका दमात "हाऽव" करून ओरडायची, आणि शेजारच्या दुकानातले गुरुपादप्पा तराजू सोडून बघायला यायचे. अंकांचं गाणं तिनं जात्याच्या चालीवर बांधलं:

*ई म्हणजे एक गं, दारामधी म्हैस गं,*
*अर म्हणजे दोन गं, शिंगं तिला दोन गं,*
*सान म्हणजे तीन गं, चुलीचे दगड गं,*
*स म्हणजे चार गं, बाजेला पाय गं.*

म्हैस म्हटल्यावर सगळ्यांनी डोक्यावर बोटं धरून शिंगं काढायची आणि बाज म्हटल्यावर चारी पायांवर ओणवं व्हायचं. नाक-डोळ्यांचं गाणं आरतीच्या चालीवर, टाळ्या वाजवून. उच्चार खरे किती आणि खोटे किती, ते चीनच जाणे. सिद्धलिंग एकदा ऐकायला उभा राहिला आणि हसता हसता खाली बसला. "अव्वा, तिकडं हे कुणाला कळणार न्हाई."

"तिकडच्यांसाठी कुठं गायलाव आम्ही? ज्या एकटीसाठी गायलाव, तिला कळलं म्हणजे झालं."

लातूर म्हणजे कोचिंग क्लासचं गाव. पोटातल्या पोरालासुद्धा इथं लोक डॉक्टर म्हणूनच मोजतात. बालवाडीत चिनी शिकवतात ही बातमी टँकरच्या रांगेत फुटली आणि संध्याकाळी भुजंग दारात हजर. त्याची पोरगी नागम्मा बालवाडीत होती.

"बाई, हे चीनला डॉक्टरकीला जायच्या परीक्षेत चालतं का?"

"नागम्माला अजून नाक पुसता येत न्हाई, भुजंगा."

"न्हाई, आतापासून पाया पक्का केलेला बरा."

"पाया पक्काच हाय तिचा. बाज म्हटली की चारी पायांवर उभी राहती." भुजंग तरी समाधानानं गेला, आणि जाताना आणखी दोन लेकरं पाठवतो म्हणाला.

आणि जिच्यासाठी हा सगळा तमाशा, ती लानव्वा काय करत होती? पहिल्यांदा ती घरात, पाठ करून. मग उंबऱ्यावर, तरी पाठ अंगणाकडंच. मग एके सकाळी नीलाबाईनं बघितलं, पोरीचं तोंड अंगणाकडं होतं. 'ई' झालं, 'अर' झालं, आणि सगळी लेकरं शिंगं काढून डुलत असताना उंबऱ्यावरच्या चपलेतला एक अंगठा वर झाला, खाली झाला. नीलाबाईला इतकं भरून आलं की ती पुढची ओळच विसरली. लेकरांनी तिला सोडून आपली आपणच बाज केली.

पण अंगठा हलला म्हणून पोट भरत नाही. पोरगी सुकत चालली होती. ओठ भेगाळले, डोळे खोल गेले, आणि एका दुपारी तिचं अंग तव्यासारखं तापलं. नीलाबाईनं विभूती लावली, पदरानं वारा घातला, आणि तशीच कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं बघून सांगितलं, दुसरं काही नाही, पोटात पाणी नाही. मीठ-साखरेचं पाणी पाजत रहा. घरी येऊन नीलाबाईनं माठातल्या गार पाण्यात मीठ-साखर कालवली आणि चमचा तोंडाशी नेला. पोरीनं दात घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण दात काही उघडले नाहीत. तिचा हट्ट बघून नीलाबाईला राग नाही आला, भीती वाटली. एवढ्या लहान जिवाच्या अंगात एवढं बळ कुठून येतं, तेच तिला कळेना.

टरबुजाच्या रसावर आणि दुधावर ताप कसाबसा उतरला. सिद्धलिंगनं मात्र फोन काढून तिकीट करून टाकलं. "मंगळवारी निघतो आम्ही दोघं," तो म्हणाला. "अव्वा, तुझी चूक न्हाई."

"चुकीचं कोण बोलायलंय? मला पाण्याला काय म्हणतात ते सांग."

"आता कशाला?"

"सांग म्हणते ना."

पाण्याला श्वेइ. पाणी पी म्हणायचं तर हअ श्वेइ.

दुसऱ्या दिवशी तिनं पाण्याचं गाणं काढलं, भंगारवाल्याच्या चालीवर, कारण टँकर आल्यावर गल्ली तशीच ओरडते:

*श्वेइ आलं श्वेइ आलं, टँकर आला दारी,*
*घागर घ्या, कळशी घ्या, पळा पळा सारी,*
*हअ श्वेइ, हअ श्वेइ, आता तुझी बारी.*

लेकरं घरून पाण्याची बाटली आणायची, आणि बाटलीतलं पहिलं टोपणभर पाणी चिमण्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळात ओतायचं, असा त्या दुष्काळात बालवाडीचा नेम होता. ते झालं. मग नीलाबाईनं माठातला एक ग्लास गोलात फिरवला. ज्याची बारी, त्यानं घोट घ्यायचा आणि "हाऽऽ" करायचं. लेकरांना तर खेळच पाहिजे होता. फिरत फिरत ग्लास नागम्माकडं आला. तिनं घोट घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि गोल सोडून सरळ उंबऱ्याकडं निघाली. सगळी लेकरं तिच्या मागं, गात गात. नागम्मानं ग्लास लानव्वाच्या तोंडाला लावला. "हअ श्वेइ, आता तुझी बारी."

"पू याओ."

आवाज इतका घोगरा होता की कुणाचा ते आधी कळलंच नाही. मग नीलाबाई पाटावरून उठली. इतक्या दिवसांत पोरीच्या तोंडातून निघालेला तो पहिला शब्द, आणि त्याचा अर्थ 'नको', हे सांगायला सिद्धलिंग तिथं नव्हता. बालवाडीच्या लेकरांची रीत अशी की समोरून जे येईल ते गाण्यात घ्यायचं. त्यांनी एका सुरात उचललं, "पू याओऽ, पू याओऽ."

लानव्वानं त्यांच्याकडं बघितलं. ती आता रडते का हसते अशी झाली. मग ती उठली, नागम्माच्या हातातला ग्लास घेतला आणि घरात चालू लागली. मागं नीलाबाई, तिच्या मागं लेकरांची रांग. पोरगी थेट स्वैपाकघरात गेली. ओट्यावर मोठं पातेलं होतं, टँकरचं पाणी आत्ताच उकळून खाली घेतलेलं, अजून वाफा निघत होत्या. साखराबाई ते माठात ओतायच्या तयारीत होती. लानव्वानं ग्लासातलं गार पाणी माठाच्या तोंडाशी नेलं, टाचा उंच करून अलगद आत ओतलं, एक थेंब न सांडता. आणि रिकामा ग्लास पातेल्याकडं धरला.

"बाई," साखराबाई म्हणाली, "ही तर उकळतं मागून राहिली. ह्या उन्हात?"

नीलाबाईनं वाटीनं पाणी घेतलं, दोन वाट्यांत खालीवर करून जरा निववलं, ग्लासात ओतलं. पोरीनं ग्लास दोन्ही हातांनी धरला. फुंकर घातली. एक घोट घेतला, मग दुसरा, मग शेवटपर्यंत. तिच्या कपाळावर घाम आला. रिकामा ग्लास तिनं पुन्हा पुढं केला.

बालवाडीच्या लेकरांसमोर नीलाबाई कधी रडली नव्हती, त्या दिवशी रडली. तो ग्लास मग साखराबाईनं निववून भरला.

संध्याकाळी सिद्धलिंग आला तेव्हा त्याची चांगली पूजा झाली. "इतकी वर्षं तिथं राहिलास, तिथली माणसं काय पितात ते बघितलं न्हाईस?"

तो कपाळाला हात लावून उभा राहिला. "पितात अव्वा, सगळे गरमच पितात. घरात थर्मास भरलेला असतोच. पण तो कोण भरतं, हिला कोण देतं, मी कधी बघितलं? मी महिन्यातून आठ दिवस घरी. आणि इथं बेचाळीस डिग्रीत कोण गरम पाणी पिणार, असं डोक्यातच आलं न्हाई."

मग त्यानं हिंमत करून मेइला फोन लावला आणि झालेलं सांगितलं. ती खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं तोंडावर हात ठेवला. सिद्धलिंगनं तिचं बोलणं आईला मराठीत सांगितलं. निघायच्या दिवशी मेइनं लेकीला जवळ घेऊन बजावलं होतं: तिकडं गेल्यावर गार पाणी प्यायचं नाही, पोट दुखतं, पोट दुखलं की माझ्यासारखं दवाखान्यात निजावं लागतं. लेकीनं मान हलवली होती.

म्हणजे पोरगी हट्ट करत नव्हती. आईला दिलेला शब्द पाळत होती.

"आणि मी," नीलाबाई म्हणाली, "रोज सकाळी तेच पाणी उकळून, माठाला फडकी गुंडाळून गार करत बसले. माझ्या हातात होतं गं ते." हे ती सुनेला म्हणाली, फोनकडं बघून, मराठीतच. सिद्धलिंगनं ते चिनीत सांगायच्या आधीच मेइ रडत रडत हसली.

तिकीट मात्र तसंच राहिलं. "पाणी पिली, जीव भांड्यात पडला," सिद्धलिंग म्हणाला. "पण एक शब्द बोलली, नंतर पुन्हा गप्पच हाय. चार महिने मुकी कशी राहील? तिला इथं आपलं वाटंना तर कशाला ठेवायची?" नीलाबाईनं त्याच्याकडून एक शब्द तेवढा घेतला. गरमला रअ. गरम पाणी, रअ श्वेइ.

राहिलेल्या दिवसांत अंगणात तेच गाणं. आणि झालं असं की सगळी बालवाडी गरम पाणी प्यायला लागली. लानव्वा फुंकर घालून पिते म्हटल्यावर नागम्मालाही तसंच पाहिजे, मग सगळ्यांनाच. रॉकेलची रांग एक, गॅसची एक आणि पाण्याची एक, त्यात हे. आया भांडायला आल्या. "बाई, तुम्ही लेकरांना काय शिकवलाव? भर उन्हात पाणी तापवून दे म्हणायलेत." नीलाबाई म्हणाली, "उकळलेलं पिलं तर काय वाईट? टँकरच्या पाण्यानं पोट तरी बिघडणार न्हाई." ते मात्र खरंच होतं. लानव्वा आता गोलात बसायची, शिंगं काढायची, बाजही करायची. तोंड तेवढं मिटलेलं.

मंगळवार उजाडला. दारात ऑटो येऊन उभा राहिला. सिद्धलिंगनं दोन बॅगा ठेवल्या, एक मोठी, एक लहान, अस्वलाचं चित्र असलेली. बालवाडीची लेकरं लवकरच येऊन निंबाखाली बसली होती, आज कुणी गात नव्हतं. लानव्वा बूट घालून उंबऱ्यावर बसली होती. नीलाबाईनं तिच्या कपाळाला विभूती लावली, तळहातावर दही-साखर ठेवली. मग वाटेत लागेल म्हणून थर्मास भरायला ती आत गेली. सकाळीच बाजारातून नवा आणला होता. पाणी तापायला ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिला बाहेर यायचंच नव्हतं. बाहेर आलं की निरोप द्यावा लागणार. अंगणात ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

"अव्वा, झालं का?" सिद्धलिंगनं हाक मारली.

"भरायले," ती म्हणाली, आणि भरलं काहीच नाही.

मागं बुटांचा आवाज आला. लानव्वा आत आली होती, एकटीच. आजीकडं न बघता ती मांडणीपाशी गेली, खालच्या फळीवरचा आपला ग्लास घेतला. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पाणी विचारलं नव्हतं. तिच्या बोटांना अजून दही लागलेलं होतं. ओट्यापाशी येऊन तिनं नीलाबाईच्या पदराचं टोक ओढलं आणि ग्लास वर केला.

"नायनाय," ती म्हणाली, "रअ श्वेइ."

नीलाबाईला जात्याचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. तिनं पातेलं खाली उतरवलं. दारात सिद्धलिंग येऊन उभा होता, घाई करायला आलेला. त्यानं लेकीकडं बघितलं, आईकडं बघितलं. गौरम्माआत्यानं आईला काय म्हटलं होतं ते त्यानं लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं होतं.

तो बाहेर गेला. ऑटोतली अस्वलाची बॅग त्यानं काढली आणि उंबऱ्याच्या आत ठेवली.

"काय झालं, सायेब?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"काही न्हाई. मी एकटाच येणार हाय."

आत नीलाबाई दोन वाट्यांत पाणी खालीवर करत होती, आणि लानव्वा तिच्या शेजारी उभी राहून फुंकर घालत होती.